घासून आणलेली मोटार

मामानं मोटार आणली ती घासूनपुसून, नव्या भांड्यासारखी लखलखीत करून. ट्रॉलीतून त्यानं ती एकट्यानं उतरवली, आमच्या शेडच्या दारात ठेवली, वरचं पोतं ओढून काढलं आणि बाबांकडे हसत बघत उभा राहिला.

"दाजी, तुमचं निम्मं काम करूनच आणलंय."

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाकून मोटारीच्या आत बघितलं. जिथे तांब्याच्या तारेची वेटोळी गच्च बसलेली असायला हवीत, तिथे काहीच नव्हतं. लोखंडाच्या रिकाम्या खाचा होत्या नुसत्या. एकेक खाच मामानं तारेच्या ब्रशनं घासून काढली होती.

"आतलं वाइंडिंग कुठाय?"

"जळलं होतं ना सगळं. पेंढ्याच्या आगीत ठेवली, तुम्ही ठेवता तशी. मग पक्कड लावून ओढून काढलं. ही बघा बोटं."

"वेढे मोजलेस?"

"कसले वेढे?"

आत कॉइल गुंडाळायच्या यंत्राची मूठ फिरत होती, ती थांबली. आई दारात आली. मामा तिचा धाकटा भाऊ. तिनं मोटारीत बघितलं, मग भावाकडे.

"आणि तार? ती तरी ठेवलीस का?"

"भंगारवाला आला होता दारावर. म्हटलं, कशाला ती जळकी घाण..." मामाचं वाक्य तिथेच विरलं. आपलं काहीतरी चुकलंय एवढं त्याला कळलं होतं; काय चुकलंय ते कळलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं होतं रे हे?" आई म्हणाली. "लहानपणी माझी वेणीसुद्धा अशीच सोडवायचास. निम्मे केस हातात यायचे."

 बाबा पिंपावर बसले आणि लुंगीच्या टोकानं चष्म्याच्या काचा पुसत राहिले. बाबांचं सगळं कसब नकलेत होतं. जळकी मोटार आली की ते आधी एक कॉइल कापून तिचे वेढे मोजत, तारेची जाडी मापत, कुठलं टोक कुठे जोडलंय ते खडूनं फरशीवर काढून ठेवत. मग आग, मग सफाई, आणि मग जसं होतं तसंच सगळं नव्या तारेत. त्यात एका वेढ्याचाही फरक नाही. त्यांच्या हातची मोटार पुन्हा लवकर येत नसे, आणि त्याचं कारण हेच, असं ते मानत. पोट रिकामं केलेली मोटार ते घेत नसत. दोन-तीनदा लोकांना त्यांनी दारातून परत पाठवलेलं मी बघितलं होतं.

पण हा मामा होता. आणि ही मोटार त्याच्या विहिरीवरची होती.

त्या वर्षी ऊन आधीच तापलं होतं. दुपारी सगळ्यांचे पंप एकदम सुरू व्हायचे, तारांमधला दाब खाली जायचा, तीनपैकी एखादा फेज गुपचूप जायचा आणि उरलेल्या दोनांवर मोटारी गुरगुरत जळून जायच्या. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून तर सत्र संपल्या संपल्या आईनं मला बोलावून घेतलं होतं. मामानं नुकतीच टोमॅटोची रोपं लावली होती. बोटभर उंचीची. त्या विहिरीवर दोन जणांची शेती होती, मामाची आणि शेजारच्या आबांची. आबांचं पीक काढून झालं होतं, त्यांचा जीव काही टांगणीला नव्हता. मामाचा होता.

"शहरात नवी मिळेल," बाबा शेवटी म्हणाले. "पंधरवडा लागेल म्हणतात यायला. सगळीकडे हीच बोंब आहे."

"पंधरवड्यानं रोपांना पाणी घालून काय करू दाजी? अभिषेक?"

"मग मी काय करू? यात काय होतं ते मला कसं कळणार? अंदाजानं घातली आणि वेढे कमी पडले तर पुन्हा जळेल. जास्त झाले तर पाणी वर चढायचं नाही."

मी तेव्हा शेडच्या मागच्या बाजूला एका स्टेटरवर, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या बाहेरच्या भागावर, वार्निश ओतत होते. हातातला डबा खाली ठेवून पुढे आले.

"बाबा, वेढे काढता येतील."

"कुठून काढणार? भंगारवाल्याकडून?"

"गणितानं."

---

विद्यापीठात मला सगळे 'गोळी' म्हणतात. त्याचं कारण असं.

विद्युत यंत्रांच्या तासाला मॅडमनी फळ्यावर तीन लाटा काढल्या. तीन फेजचे तीन प्रवाह, एकमेकांपासून सारख्या अंतरानं मागेपुढे. प्रत्येक लाट आपापल्या जागी नुसती वरखाली होते, जागा सोडत नाही. मग मॅडमनी तिन्हींची बेरीज करायला घेतली. एका क्षणाची बेरीज, मग पुढच्या क्षणाची, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक वेळी एक बाण निघत होता, लांबी तीच, दिशा थोडी पुढे सरकलेली. जागच्या जागी वरखाली होणाऱ्या तीन गोष्टींच्या बेरजेतून गोल फिरणारी एक गोष्ट तयार होत होती. फळ्यावर बाणांचं चक्र पुरं झालं तेव्हा मी भर वर्गात मोठ्यानं ओरडले होते, "गोळी!"

"कसली गोळी?" मॅडमनी विचारलं. सगळा वर्ग मागे वळून बघत होता. मला धड सांगता आलं नाही. कान तेवढे लाल झाले.

आमच्या शेडमध्ये मोटार गुंडाळून झाली की बाबा तिच्या पोकळीत बेअरिंगची एक पोलादी गोळी सोडायचे आणि कमी दाबाची वीज द्यायचे. गोळी आतल्या भिंतीला धरून गरागरा पळायला लागायची, कुणी हात न लावता. ती पळाली म्हणजे मोटार पास. लहानपणी तो माझा सगळ्यात आवडता खेळ होता. ती का पळते, असं मी बाबांना विचारायचे. ते म्हणायचे, वीज तिला पळवते. एवढंच त्यांना माहीत होतं आणि एवढं त्यांना पुरत होतं. त्या तासाला मला कळलं की गोळी त्या बाणामागे धावत होती. इतकी वर्षं मी फिरणारं चुंबकीय क्षेत्र डोळ्यांनी बघत होते.

त्या दिवसापासून मला त्या विषयाची पुस्तकं कादंबरीसारखी वाटायला लागली. मोटारीच्या आराखड्याचं एक प्रकरण अभ्यासक्रमात नव्हतं, तेही मी वाचून काढलं. पण ते कागदावरच होतं. कागदावर काढलेल्या मोटारी कधी जळत नाहीत.

---

आबा संध्याकाळी आले. विहीर त्यांचीही होती, त्यामुळे मोटार कुठवर आली ते विचारायचा त्यांना हक्क होता. मी कंपासपेटी आणि व्हर्निअर कॅलिपर घेऊन मोटारीसमोर मांडी घालून बसले होते. आबांनी माझ्यावरून नजर फिरवली आणि बाबांना विचारलं, "काय मिस्त्री, पोरगी काय खेळतीय?"

"मापं घेतीय."

"मोटारीला काय झगा शिवायचाय का?"

मामा हसला, आणि हसल्याबद्दल लगेच वरमला. मी मान वर केली नाही. आतल्या पोकळीचा व्यास, लोखंडाची लांबी, खाचांची खोली, दातांची रुंदी. खाचा छत्तीस. मोटारीच्या अंगावरची पट्टी मामानं इतकी घासली होती की अक्षरं पुसट झाली होती, पण तिरप्या उजेडात ताकद, प्रवाह आणि फेरे वाचता आले. फेऱ्यांवरून चुंबकाचे ध्रुव चार, हे ठरलं.

"मिस्त्री, तुमचं नाव आहे म्हणून सांगतो," आबा म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता. मोठ्या माणसानं समजावून सांगावं तसा होता. "मुलींचं गणित वहीत शोभून दिसतं. ही जळली तर कुणी म्हणणार नाही की कॉलेजची जळली. तुमच्या हातची जळली म्हणतील."

ते गेल्यावर बाबा बराच वेळ पान्हे जागेवर लावत राहिले. जागेवर असलेलेच पान्हे.

"आबा बोलले ते खोटं नाही," ते म्हणाले.

"नाही."

"तू अशी कुठली मोटार केलीयस आधी?"

"नाही."

"मग?"

मला नीट सांगायचं होतं. मी मोजपट्टी खाली ठेवली. "बाबा, लोखंड किती चुंबकत्व पेलतं त्याला हद्द असते. वेढे कमी घातले की चुंबकत्व हद्दीपलीकडे जातं आणि मोटार जळते. जास्त घातले की ते कमी पडतं, मोटार अशक्त होते. हे लोखंड केवढं आहे ते मी मापलंय. ते किती पेलेल ते पुस्तकात दिलंय. म्हणजे वेढे किती हवेत ते निघतंच. ज्यानं ही मोटार पहिल्यांदा बनवली त्यानंही ते असंच काढलं असणार. त्यालाही नक्कल करायला आधीची मोटार नव्हती."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नसावं, की सगळ्या नकलांच्या मुळाशी कुणीतरी एकदा कोरी मोटार समोर घेऊन बसलं होतं.

"गोळी पळाली नाही तर मी मोटार विहिरीवर नेऊ देणार नाही," ते म्हणाले.

"चालेल."

"आणि विहिरीवर हात मी लावून बघणार. तापली तर तिथेच बंद."

"चालेल."

"चालेल चालेल काय करतेस? काढ गणित."

---

गणिताआधी एक गोष्ट बघायची होती. मोटारीचं लोखंड अखंड नसतं. पातळ पत्र्यांची चवड असते आणि प्रत्येक पत्र्यावर वार्निशचा हलका थर असतो. मामाच्या आगीत तो थर जळला असेल तर पत्रे एकमेकांना चिकटणार, लोखंडातच वीज घुमणार आणि नवं वाइंडिंग कितीही चांगलं असो, आतून भाजून निघणार.

"म्हणजे मी लोखंडपण जाळलं?" मामानं विचारलं. तो रोज सकाळी यायचा. आधी मामी आणि तो कावडीनं डबे वाहून रोपांना ओंजळ-ओंजळ पाणी घालायचे, मग तो इकडे यायचा. त्याच्या दोन्ही खांद्यांवर लाल वळ उठले होते.

"बघूया," मी म्हणाले.

प्रयोगशाळेत हे आम्ही छोट्या ट्रान्सफॉर्मरवर केलं होतं. मी जाड केबलचे काही फेरे मोटारीच्या पोकळीतून घालून बाहेरून गुंडाळले, जशी बादलीच्या कडीला दोरी गुंडाळावी. जुन्या वेल्डिंग मशीनमधून बाबांनी बनवलेला कमी दाबाचा डबा होता, त्यावर केबल जोडली. मोटार घुमायला लागली. थोड्या वेळानं बंद करून मी म्हणाले, "आता सगळ्यांनी हात लावा. आतून. कुठे जास्त गरम आहे ते सांगा."

आम्ही चौघं त्या मोटारीभोवती गुडघ्यांवर बसलो आणि आत हात घालून चाचपायला लागलो. भाकरी भाजली का बघावं तशी आई बोटांची मागची बाजू टेकवत होती.

"इथे," ती म्हणाली. "हे टोक. इथे चटका बसतोय."

एका दातावर अंगठ्याएवढी जागा खरंच तापली होती. टॉर्च धरल्यावर दिसलं, तिथे पत्रे एकमेकांवर चेपले गेले होते.

"मामा, इथे काही लागलं होतं का?"

मामा म्हणाला, "छिनी." त्यानं कान पकडले. पण बाकीचं लोखंड सगळीकडून सारखं कोमट होतं. आग त्यानं पेंढ्याचीच केली होती, लाकडाची नाही, तेवढ्यानं लोखंड वाचलं. बाबांनी बारीक कानस घेतली, चेपलेली कड हलक्या हातानं मोकळी केली आणि पत्र्यांच्या फटीत वार्निश सोडलं. पुन्हा वीज दिली. पुन्हा हात. आईनं बोटं टेकवली, काढली, पुन्हा टेकवली.

"गेला चटका."

बाबा बसल्या जागी मागे टेकले. "हे तुम्हाला कॉलेजात शिकवतात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हात लावून बघायला?"

"तिथे थर्मामीटर असतो."

आई हसली. "बोटंच बरी. त्यांना सेल लागत नाहीत."

---

गणित मी दुपारी शेडमध्येच केलं, पत्र्याच्या सावलीत, कारण घरात बसवेना. कच्चा कागद संपला म्हणून वार्निशच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. लोखंड नेमकं कसलं आहे ते माहीत नव्हतं, म्हणून पुस्तकातल्या पल्ल्याच्या खालच्या बाजूचा आकडा घेतला: थोडं कमी चुंबकत्व, थोडी जास्त सुरक्षितता. एका फेजचे वेढे निघाले, ते सहा कॉइलींत वाटले. प्रत्येक कॉइलीला त्र्याहत्तर.

मी पुन्हा केलं. त्र्याहत्तर. मग आकडे उलट्या बाजूनं घालून केलं. हृदय असं धडधडत होतं जसं कुणी मला बघायला येणार होतं.

"या मापाच्या मोटारी तुम्ही केल्यात ना बाबा? साधारण किती असतात?"

"साधारण असं काही नसतं. कंपनीप्रमाणे बदलतं." मग ते थोडं थांबून म्हणाले, "सत्तर. पंचाहत्तर. अशीच."

मी पुठ्ठा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आकडा वाचला आणि पुठ्ठा उलटा करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं.

तार मात्र माझी चुकली. जाडीचं गणित बरोबर होतं, पण तेवढी जाड तार त्र्याहत्तर वेळा त्या खाचेत मावेना. बाबांनी एक खाच भरून दाखवली. वरची तार बाहेर डोकावत होती आणि खाचेचं तोंड बंद करायची बांबूची पट्टी आत शिरत नव्हती. मी खाचेचं माप घेतलं होतं. आतल्या कागदाची आणि तारांमधल्या पोकळ्यांची जागा कमी धरली होती.

"एकाऐवजी दोन बारीक घे की जोडीनं," आई आतून म्हणाली. "गोल वस्तू बारीक असल्या की नीट बसतात. पिशवीत मोठे बटाटे भरले तर हवाच जास्त राहते."

"तसं करतात," बाबा म्हणाले. मी दोन तारांचं गणित केलं. त्या मावत होत्या, अगदी काठोकाठ.

मग नुसतं काम. आई यंत्राची मूठ फिरवायची, तार तिच्या अंगठ्यावरून सरकत साच्यावर जायची. त्या अंगठ्याच्या कातडीला इतक्या वर्षांत एक चर पडला आहे. ती मोजत असताना तिच्याशी बोलायचं नसतं. मामाला ते माहीत नव्हतं.

"ताई, चहा टाकू का?"

"एकेचाळीस."

"एकेचाळीस कप?"

"बेचाळीस. गप्प बस. त्रेचाळीस."

बाबा आणि मी समोरासमोर बसून कॉइली खाचांत बसवायचो. तार खाचेच्या कडेला घासली तर तिच्यावरचं इनॅमल जातं आणि मग सगळंच जातं, म्हणून एकावेळी दोन-चार तारा, बोटांनी, फुलं ओवावी तशा. संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. रात्री ताटातलं मीठ त्या चिरांत झोंबलं आणि मला हसू आलं. विद्यापीठात चार पानं अवघड गणित सोडवल्यावर जसं वाटतं तसंच वाटत होतं. फक्त दुखण्याची जागा वेगळी होती.

मामाची रोपं माना टाकायला लागली होती. तो सांगायचा नाही. पण पूर्वी येताना तो शीळ घालायचा, ती थांबली होती.

---

जोडणी मी केली. बाबा म्हणाले, "तुझा नकाशा, तूच जोड." मी टोकं सोलली, पिळली, कथलाचे डाग दिले, जोडांवर नळ्या चढवल्या, दोरीनं बांधलं. इतकी उतावीळ झाले होते की डाग देताना दोनदा हात भाजला आणि कळलंही नाही.

दुपारी आबा बरोबर वेळेवर हजर झाले. मामा, मामी, आई, सगळे शेडमध्ये. बाबांनी खणातून गोळी काढली. माझ्या लहानपणीचीच गोळी, इतकी वर्षं पळून गुळगुळीत झालेली. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

मी ती मोटारीच्या पोकळीत ठेवली. बाबांनी डब्याचा खटका ओढला.

गोळी उसळली, थोडी सरकली आणि थांबली. एका जागी थरथरत राहिली. मोटारीतून जाड, ओबडधोबड गुरगुर येत होती.

बाबांनी खटका पाडला.

 आबांनी घसा खाकरला आणि नजर माझ्यावरून काढून घेतली, ते मला जास्त लागलं. मामी पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "राहू दे बाळा. तुझी काय चूक? ह्यांनीच घासली ना."

 त्र्याहत्तर. लोखंडाचा आकडा. दोन तारा. सगळं एकदम चुकीचं वाटायला लागलं. मला वाटलं मी आता रडणार.

मग मला फळा आठवला. ते बाण. वेढ्यांचा आकडा चुकला असता तर बाण लहान-मोठा झाला असता; थांबला नसता. बाण थांबतो कधी? बेरजेतली एखादी गोष्ट उलट्या चिन्हानं आली तर.

"बाबा, पुन्हा द्या. जरासंच."

"पुन्हा काय द्यायचं?"

"गोळी सांगतीय. द्या ना!"

मी इतक्या मोठ्यानं बोलले की बाबांनी मुकाट्यानं खटका ओढला. मी गोळी काडीनं ढकलली. ती पळाली, थोडी गोल गेली आणि त्याच जागी येऊन अडखळली. पुन्हा ढकलली. पुन्हा तिथेच.

"बंद करा! मिळालं!"

त्या जागेवर खडूनं खूण केली. दोरी कापली, नळ्या मागे सरकवल्या. खुणेखालच्या कॉइलींच्या गटाची दोन टोकं मी अदलाबदल करून जोडली होती. आत यायची ती बाहेर, बाहेर जायची ती आत. तो एक गट बाकीच्यांच्या विरुद्ध ओढत होता. तिथे पोचली की गोळीला कुणाचं ऐकावं ते कळत नव्हतं.

"तरी म्हटलं," आई म्हणाली, "डाग देताना गाणं म्हणत होतीस."

मी टोकं पालटली. या वेळी गाणं नाही. बाबा शेजारी टॉर्च धरून बसले. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

गोळी ठेवली. खटका.

ती पळाली. आधी एक कच्चा गोल, मग दुसरा, आणि मग इतकी जोरात की गोळी दिसेनाशी झाली. आत नुसतं एक चकाकतं कडं उरलं आणि एक बारीक, स्वच्छ, गाणारा आवाज. मी किंचाळले. मामानं माझ्याहून मोठी किंकाळी फोडली आणि मामीचे दोन्ही हात धरून तिला गर्रकन फिरवलं. "अहो सोडा, माणसं बघतायत," ती म्हणाली आणि अजून एक गिरकी घेतली.

आबा वाकले. हातातली काठी बगलेत धरून त्यांनी मोटारीत तोंड घातलं.

"हिला ढकलतंय कोण?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच मला विचारलं.

"तीन जण मिळून ढकलतात आबा. एक दमला की दुसरा. तिघंही जागेवरून हलत नाहीत."

"आणि ही हलते."

"हो."

"बरंय बुवा," आबा म्हणाले आणि बघत राहिले. बाबांना खटका पाडायचा होता, पण आबांचं बघून होईना.

---

वार्निश, मग मोठ्या बल्बांच्या उबेत सुकवणं, मग ट्रॉली. विहिरीवर मोटार पंपाला जोडली तेव्हा ऊन चढलं होतं. रोपांची पानं कागद पेटून गेल्यासारखी कडेनं वळली होती. मधला हिरवा ठिपका तेवढा बाकी होता.

मोटार एका झटक्यात सुरू झाली. पाइपातून आधी हवा, मग खोकल्यासारखा गढूळ फवारा, आणि मग पाणी. मामा चरातून पाण्याच्या पुढे पुढे पळत सुटला, पाण्याला वाट दाखवत असल्यासारखा. मी तिथे बघत नव्हते. मी एकेका तारेभोवती प्रवाह मोजायच्या मीटरचा चिमटा धरत होते. पहिला फेज. दुसरा. तिसरा. तिघांचे आकडे जवळजवळ सारखे, आणि पट्टीवर लिहिलेल्या आकड्याच्या आत.

बाबांनी तळहात मोटारीच्या पाठीवर ठेवला होता. तो त्यांनी उचलला नाही. पाणी पहिल्या ओळीला पोचलं, दुसऱ्या ओळीला पोचलं, मामी चप्पल काढून चिखलात उभी राहिली, आबांनी बांधावर बसून पाय ताणले, तरी हात तिथेच. मी त्या हाताकडे बघत होते. तो उचलला जाईल, झटकला जाईल, याची वाट बघत होते.

"काय?" मी शेवटी विचारलं.

"कोमट," ते म्हणाले. "मघापासून तेवढीच. वाढत नाही." आणि हात न काढताच, मोटारीकडे बघत, स्वतःशी म्हणावं तसं म्हणाले, "त्र्याहत्तर."

---

मी परत निघाले त्या सकाळी, बस वळणावर येऊन थांबते तिथपर्यंत मला पोचवायला मामा घरी आला होता. माझी पेटी त्याच्या खांद्यावर होती. वळ आता फिके झाले होते आणि शीळ परत आली होती. आई दारात उभी राहून मला तिसऱ्यांदा विचारत होती की मोजे घेतले का.

तेवढ्यात आबांची हातगाडी शेडसमोर थांबली. गाडीत मोटार. त्यांच्या घराच्या नळाची, छोटी. कालच जळलेली. आबांनी वरचं फडकं मोठ्या ऐटीत बाजूला केलं.

आतून मोटार लखलखत होती. रिकामी. आबांनी ती राखेनं घासून घेतली होती, वर तेलाचा हात फिरवला होता.

"तुमची पोरगी रिकामीच मागते म्हणे," आबा म्हणाले. "म्हटलं, आणतोय तर नीट करूनच आणावी. सुनेला लावलं कामाला. वेढेबिढे काही ठेवले नाहीत, बघून घ्या."

आईनं तोंडाला पदर लावला. मामा पेटीसकट दुसरीकडे बघायला लागला, पण त्याचे खांदे हलत होते. मी बाबांकडे बघितलं. असल्या मोटारी ते दारातून परत पाठवतात.

बाबांनी चष्मा खाली घेतला. वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ठेवा," ते म्हणाले.

मग त्यांनी खिसे चाचपले, शेडमध्ये गेले आणि माझं व्हर्निअर घेऊन आले. मी ते त्यांच्या बाकावरच ठेवलं होतं. ते उकिडवे बसले, जबडे पोकळीत घातले, उजेडाकडे वळवले आणि डोळे बारीक केले.

"ही बारकी रेघ कुठली धरायची?"

"जी वरच्या रेघेशी जुळते ती."

"दोन जुळतायत."

"दोन जुळत नाहीत बाबा. नीट बघा."

वळणावर बसचा हॉर्न वाजला. मी पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली आणि बाबांच्या शेजारी बसले. मामानं एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे, आणि माझी पेटी खांद्यावर तशीच घेऊन दोन्ही हात पसरत बसच्या समोर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"थांबा हो थांबा!" त्याचा आवाज इथवर येत होता. "मापं चाललीयत!"